दाढीनंतर गळा पेटतो? क्रीम बदलायच्या आधी हे तपासा

दाढी करताना काही जाणवत नाही. तोंड धुतलं की गळा चुरचुरायला लागतो, ऑफिसला पोचेपर्यंत कॉलरच्या रेषेत लाल पट्टा उठतो आणि दोन दिवसांनी तिथेच बारीक पुटकुळ्या येतात. त्या बसतात न बसतात तोच पुढच्या दाढीची वेळ होते. हे गाऱ्हाणं गोव्यात म्हापसा, फोंडा, डिचोली, कुठल्याही मित्रमंडळीत निघतं आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो: क्रीम बदला. मग हिरवी ट्यूब जाते, निळी येते, कुणीतरी दुबईहून आणलेला फोमचा डबा येतो. न्हाणीघराच्या फळीवर अर्ध्या वापरलेल्या ट्यूबा साठतात आणि गळा होता तसाच राहतो.

क्रीम दोषी असतं, पण क्वचित. बहुतेक वेळा त्या क्रीममध्ये पाणी कमी पडलेलं असतं, आणि गळ्यावरचे केस कुठल्या दिशेने उगवलेत ते कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून क्रीम सगळ्यात शेवटी बदला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नवं क्रीम, नवं ब्लेड आणि नवा आफ्टरशेव्ह एकाच रविवारी आणलात तर आराम पडूनही तो कशाने पडला ते कळायचं नाही.

आग कुठे होते, कधी होते

इथेच निम्मं निदान होतं. पुढच्या दाढीला आरशासमोर जरा लक्ष देऊन बघा.

ब्लेड फिरत असतानाच केस ओढल्यासारखे वाटत असतील, डोळ्यांत पाणी येत असेल, तर केस भिजलेले नाहीत किंवा ब्लेड संपलंय. दाढी करताना सगळं छान, पण तोंड धुताना झोंबतं, असं असेल तर एकाच जागेवरून जास्त वेळा ब्लेड फिरलंय किंवा हात जड पडलाय. दाढीच्या दिवशी गळा स्वच्छ आणि दोन-तीन दिवसांनी टोकदार, टोचणाऱ्या पुटकुळ्या, म्हणजे कापलेले केस कातडीखाली वाकून आत वाढतायत. कुरळ्या केसांच्या माणसांना हा त्रास जास्त. पुटकुळीच्या मधोमध केस आणि भोवती पू दिसला तर केसाच्या मुळाशी जंतूंचा शिरकाव झालेला असतो. घाम आणि घर्षण त्याला हातभार लावतात.

आता क्रीमचा दोष कसा ओळखायचा? क्रीमची अ‍ॅलर्जी ब्लेडची वाट पाहत नाही. जिथे जिथे फेस लागला तिथे तिथे, म्हणजे गालाच्या वरच्या भागावर, कानाच्या पाळीखाली, जिथे रेझर गेलाच नाही तिथेही लाली आणि खाज येते. खात्री करायची असेल तर सुट्टीच्या दिवशी नेहमीसारखा फेस लावा, नेहमीइतका वेळ ठेवा आणि दाढी न करता धुऊन टाका. दुसऱ्या दिवसापर्यंत काहीच झालं नाही तर ट्यूबवरचा संशय बऱ्यापैकी सोडून द्या. अ‍ॅलर्जी कधी कधी दोन-तीन दिवसांनीही उमटते, तेव्हा घाईने निकाल लावू नका.

आणखी एक. मेन्थॉल घातलेली गार क्रीमं या तपासात अडथळा आणतात. मेन्थॉल कातडीतल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं; थंड वाटतं, पण खरचटलेलं कातडं काही भरून येत नाही. उलट आग झाकली जाते आणि आपण आणखी एक हात मारतो. निदान होईपर्यंत गार क्रीम बाजूला ठेवा.

केसाला पाणी प्यायला वेळ द्या

दाढीचा कोरडा केस ताठ आणि चिवट असतो. तो आपल्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के पाणी शोषून घेऊ शकतो, आणि तसा भिजला की त्याला कापायला कितीतरी कमी जोर लागतो. पण दोन ओंजळी पाणी मारून लगेच ब्रश फिरवला तर हे होत नाही. केसावर तेलाचा आणि घामाचा थर असतो. तो आधी धुवावा लागतो आणि मग कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं जावी लागतात.

म्हणून दाढी अंघोळीनंतर करावी. इथे घरातून विरोध होतो, कारण आपल्याकडे रीत उलटी: आधी दाढी, मग डोक्यावरून पाणी. दाढी करून न्हाल्याशिवाय देवघरात पाऊल नाही, ही शिकवण ज्या घरात आहे तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. साधा तोडगा आहे. साबणाने तोंड धुवा, पंचा गरम पाण्यात बुडवून पिळा आणि गळ्यासकट दाढीवर दोन मिनिटं धरून ठेवा. मग दाढी, मग अंघोळ. पंचा हाताला सोसवेल इतपतच गरम हवा. बंबातलं कढत पाणी कातडीचं तेल काढून घेतं आणि दाढीआधीच तोंड लाल करतं. एप्रिल-मे महिन्यात टाकीतलं पाणी दुपारी आपोआप कोमट असतं, तेव्हा गॅस पेटवायचीही गरज नाही.

आता पाणी कसलं? साबणात कॅल्शियम-मॅग्नेशियमचं जड पाणी मिसळलं की न विरघळणारा साका तयार होतो, फेस मरतो आणि तोच साका चेहऱ्यावर बसतो. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी सहसा मऊ असतं, फेस झटकन धरतं. बादलीच्या तळाला तांबूस डाग पडतात ते लोहाचे, त्याने दाढीचं फारसं बिघडत नाही. किनाऱ्यालगतच्या, खाडीकाठच्या काही विहिरींची गोष्ट वेगळी. उन्हाळ्याच्या शेवटी तिथलं पाणी मचूळ लागतं, आणि खाऱ्या पाण्यात साबण फेसाळत नाही हे धुणं धुणाऱ्या बाईमाणसांना कुणी सांगायला नको. दरवर्षी मे महिन्यात दाढी बिघडते आणि जूनमध्ये सुधारते, अशी तुमची तक्रार असेल तर आधी पाणी तपासा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत प्यायचं आरओचं. दोन्हींत तेवढंच चिमूटभर क्रीम घालून हलवा. आरओच्या बाटलीत जाड फेस आणि विहिरीच्या बाटलीत गढूळ पाण्यावर विरळ बुडबुडे, असं दिसलं तर चोर सापडला. फेस करायला वाटीभर आरओचं पाणी पुरतं. तोंड नळाच्या पाण्याने धुतलं तरी चालतं.

फेस फुगलाय, पण निसरडा आहे का?

इथे मी जास्त वेळ घेणार, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते.

ट्यूबमधलं फेसाचं क्रीम म्हणजे मऊ साबणच. स्टिअरिक आम्ल आणि खोबरेलातली आम्लं पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर मिळून हा साबण होतो. पोटॅशियममुळे तो वडीसारखा टणक न होता लोण्याइतका मऊ राहतो. जोडीला ग्लिसरीन असतं, ते पाणी धरून ठेवतं. खोबरेलातली आम्लं भराभर मोठे बुडबुडे देतात. स्टिअरिकचा फेस सावकाश येतो, पण दाट आणि टिकाऊ असतो. ब्रश दहा-पंधरा वेळा फिरवला की जो पांढराशुभ्र ढीग दिसतो तो या घाईच्या बुडबुड्यांचा. तो दिसायला भरपूर, पण त्यात हवाच जास्त. आणि हवेवरून ब्लेड घसरत नाही, पाण्याच्या आणि साबणाच्या पातळ थरावरून घसरतं.

ब्रश कोमट पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवा. काढून एकदा हलकेच पिळा. अगदी कोरडा नको. करंगळीच्या नखाएवढं क्रीम केसांच्या मधोमध घ्या आणि वाटीत किंवा थेट गालावर गोल फिरवायला लागा. अर्ध्या मिनिटात फेस घट्ट, कोरडा, निस्तेज दिसेल. बहुतेक जण इथे थांबून रेझर उचलतात. थांबू नका. ब्रशचं टोक पाण्याला नुसतं टेकवा, चार थेंब घ्या, पुन्हा फिरवा. पुन्हा चार थेंब. तिसऱ्या-चौथ्या वेळी फेसाचा रंग बदलतो: पांढरेपणा थोडा कमी होतो, वर चकाकी येते, बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात आणि पोत घुसळलेल्या घट्ट दह्यासारखा होतो. आता थोडासा फेस अंगठा आणि तर्जनीत घेऊन घासा. बोटं सटासट निसटली पाहिजेत. अडखळत असतील तर पाणी कमी. फेस गळ्यावरून ओघळून छातीकडे निघाला तर पाणी जास्त, तेव्हा ब्रशने आणखी अर्धा मिनिट घोटा. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम आहे आणि तेवढ्या वेळात केसही भिजतो.

फेस नीट जमूनही मधेच सुकत असेल तर वर बघा, पंखा चालू असेल. सोप्यात, गॅलरीत, वाऱ्याच्या झुळकीत आरसा टांगून दाढी करायची सवय गोव्यात अजून बऱ्याच घरांत आहे. उजवा गाल होईपर्यंत डाव्या बाजूच्या फेसाची कड पापुद्र्यागत वाळते, आणि गळ्याची पाळी तर आणखी उशिरा येते. पंखा बंद करा, किंवा गळ्यावर ब्लेड टेकवण्याआधी ओला ब्रश पुन्हा एकदा फिरवा. सलूनवाला मध्येच पाण्याचा फवारा मारून दुसऱ्यांदा फेस लावतो, तो उगीच नव्हे. फेस नसलेल्या जागेवरून एकही हात फिरवायचा नाही, हा नियम एवढा पाळला तरी बऱ्याच जणांचा गळा शांत होईल.

क्रम कल्ल्यांपासून धरा, मग गाल, मग गळा. हनुवटी आणि मिशी शेवटी. तिथले केस सगळ्यात जाड, त्यांना भिजायला तेवढा जादा वेळ मिळतो.

डब्यातल्या फोमचं वेगळं. त्यात पाणी आधीच ठरलेलं असतं, दाबावरचा वायू त्याला फुगवतो आणि तुमच्या हातात पाणी वाढवण्याची सोय राहत नाही. फोम वापरायचाच तर चेहरा निथळता ओला असताना लावा, बोटांनी केसांत चोळा आणि मिनिटभर थांबा. जेल त्यापेक्षा बरं. आणि ट्यूबवर ‘ब्रशशिवाय’ असं लिहिलेलं क्रीम असेल तर त्याला फेस येणारच नाही, कितीही घोटा; ते हाताने पातळ थर देऊन लावायचं असतं. अंघोळीच्या वडीचा फेस मात्र दाढीला नकोच. सोडियमचा तो साबण लवकर वाळतो आणि कातडी ताणून सोडतो.

गळ्याचा नकाशा

गालावर केस साधारण वरून खाली वाढतात, म्हणून गालावर आपण सहसा फसत नाही. गळ्यावर मात्र कायदा नाही. कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना केस आडवे जातात, कुणाचे खालून वर, कुणाचा जबड्याखाली भोवरा. रेझर मात्र सगळे एकाच दिशेने ओढतात, वरून खाली, नाहीतर सरळ खालून वर.

दोन दिवसांची दाढी वाढू द्या. मग सुक्या गळ्यावर बोटाचं टोक चारी दिशांनी फिरवा. ज्या दिशेने बोट गुळगुळीत जातं ती वाढीची दिशा. ज्या दिशेने खुंट बोटाला अडवतात ती उलटी. बोटाला नीट कळत नसेल तर जुन्या एटीएम कार्डाची कड फिरवा, उलट्या दिशेला ती खरखरते. मोबाइलवर गळ्याचा फोटो काढून त्यावरच बोटाने बाण काढून ठेवा. डाव्या आणि उजव्या बाजूचे बाण सारखे येतील असं धरून चालू नका. बहुतेकांचे येत नाहीत.

पहिला हात नेहमी वाढीच्या दिशेने. मग धुवा, पुन्हा फेस लावा. दुसरा हात आडवा. गळ्यावर इथेच थांबा. उलटा हात मारला की केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, हाताला संगमरवरासारखं लागतं, आणि तोच केस परत वर येताना वाट चुकून आतल्या आत वाढतो. गालावर उलटा हात सोसतो. गळ्याला महिनाभर तरी सुट्टी द्या. कातडी ताणायचीही तशीच खबरदारी. डोकं मागे टाकून, दुसऱ्या हाताने गळा खाली ओढून ब्लेड चालवलं की केस मुळातून थोडा बाहेर येतो, कापला जातो आणि कातडी सोडली की आत शिरतो. वळ्या पडणार नाहीत इतकंच ताणा.

हात जड पडतोय का, हे आवाजावरून समजतं. धातूचा रेझर दांड्याच्या शेवटाकडे, तीन बोटांत धरा आणि त्याच्या वजनानेच खाली जाऊ द्या. नीट कापलं जात असेल तर बारीक करकर ऐकू येते. आवाज नाही आणि कातडीवर पांढरी रेघ उमटतेय, म्हणजे दाब जास्त. कोन साधारण 30 अंशांचा: आधी रेझरचं डोकं कातडीवर टेकवायचं, दांडा गालाला काटकोनात, आणि मग ब्लेड नुसतं लागेपर्यंत दांडा खाली आणायचा. किंग कॅम्प जिलेटला 1904 साली ज्या दुधारी रेझरचं पेटंट मिळालं त्यात आणि आजच्या रेझरमध्ये या बाबतीत फरक नाही, कोन हाताच्या हवाली आहे. काडतूसवाल्या, म्हणजे कार्ट्रिजच्या रेझरचा कोन कारखान्यात बांधलेला असतो, मान फिरते, त्यामुळे माणूस बेफिकीर होऊन दाबत सुटतो. त्यात तीन-चार-पाच पाती. पहिलं पातं केस ओढून धरतं, मागचं तो आणखी खाली कापतं. एका हातात गळ्यावरून पाच पाती गेली, दोनदा फिरवलं की दहा. आत वाढणाऱ्या केसांचा त्रास ज्याला आहे त्याने एकच पातं वापरावं असं माझं ठाम मत आहे. महागडं काडतूस टाकून देताना जीव तुटतो, कबूल.

ब्लेड

स्टेनलेस पोलादाचं पातं मऊ केसाने बोथट कसं होतं, हे कोडं 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात उलगडून दाखवलं. केस पोलादाच्या सुमारे 50 पट मऊ. तरी केस वाकून धारेला तिरका भिडला आणि धारेच्या त्या जागी पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली तर तिथला बारीक कण उडतो. म्हणजे धार नुसती झिजत नाही, तिला दाते पडतात. तुमच्या गळ्यावर फिरते ती ही दातेरी धार.

राठ दाढी असेल तर दुधारी ब्लेड तीन-चार दाढ्यांनंतर टाका. टोपाज, सेव्हन ओ’क्लॉक, विल्किन्सन, सुपर-मॅक्स यांतलं कुठलं चांगलं यावर पैजा लागतात. खरं तर एकाच माणसाला एक मऊ लागतं आणि दुसरं बोचतं, तेव्हा सुटी पाकिटं घेऊन स्वतः ठरवावं. ब्लेड टॉवेलने पुसू नका, धार तिथेच जाते. पाण्याखाली धरा, झटका आणि सुकू द्या.

नळाला पाणी नाही आणि मगात रेझर बुडवून काम चाललंय, असे दिवस आपल्याकडे येतातच. तेव्हा काडतुसाच्या पात्यांमध्ये केस आणि फेस अडकून बसतात, रेझर नुसता घासत राहतो आणि माणूस दाब वाढवतो. भारतातल्या याच सवयीकडे पाहून 2010 मध्ये एकाच पात्याचं, मोकळ्या खाचांचं जिलेट गार्ड बाजारात आलं. दोन मग ठेवा, एक खळबळायला, दुसरा शेवटचं धुवायला.

फक्त पावसाळ्यातच त्रास होतो का?

मग ब्लेड आणि क्रीम सोडा, ब्रश हुंगा. जुलै-ऑगस्टमध्ये न्हाणीघर सुकत नाही, कपाटात बंद केलेल्या ओल्या ब्रशच्या मुळाशी कुबट वास येतो आणि रोज तोच ब्रश ताज्या खरचटलेल्या गळ्यावर फिरतो. साबणाच्या पाण्याने धुवा, झटका, केस खाली करून खिडकीशी टांगा. जनावराच्या केसांच्या ब्रशपेक्षा कृत्रिम तंतूंचा लवकर सुकतो, पावसाळ्यापुरता तो घ्यावा. पंच्याचंही तेच: चार दिवस दोरीवर दमट राहिलेल्या पंच्याने गळा खसाखसा पुसला की सगळं मुसळ केरात. तोंडासाठी वेगळा छोटा नॅपकिन ठेवा, तो टिपायला वापरा, घासायला नव्हे.

श्रावण पाळणाऱ्यांची आणखी एक वेळ येते. महिनाभर दाढी ठेवायची आणि चवथीच्या आदल्या दिवशी, पाहुणे आणि गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीच्या गडबडीत, एका बैठकीत सगळी उतरवायची. लांब केस रेझरच्या तोंडात गुंततात, ओढले जातात, आणि मूर्ती आणायला निघालेल्या यजमानाचा गळा लालबुंद. आधी कात्रीने किंवा ट्रिमरने अगदी बारीक करा, एक-दोन मिलिमीटर उरेपर्यंत. मग भिजवा. जमलं तर ट्रिमरचं काम दोन दिवस आधीच उरका.

बारमाही त्रासाचं एक कारण न्हाणीघराच्या बाहेर आहे: हेल्मेटचा पट्टा. दाढी करून पंधरा मिनिटांत स्कूटर काढायची, पणजीपर्यंत घाम गाळत जायचं, आणि पट्टा नेमका जबड्याखालच्या त्या सोललेल्या जागेवर घासत राहतो. घामातलं मीठ वर. लाल पट्टा एका बाजूलाच, बकलाच्या जागी जास्त असेल तर हाच गुन्हेगार. दाढी रात्री करा. गंमत वाटेल, पण रात्रभर कातडीला विसावा मिळतो आणि सकाळी गळा निवलेला असतो. पट्टाही आठवड्याला धुवा, तो किती कळकट असतो ते धुतल्यावर पाण्याकडे बघून कळेल.

नंतर काय लावायचं

गार पाणी, टिपून सुकवणं आणि बिनवासाचा हलका मॉइश्चरायझर, इतकं पुरे. साबणाचा फेस अल्कधर्मी असतो आणि कातडी मुळात किंचित आम्लधर्मी. काही तासांत ती स्वतःहून पूर्वपदावर येते, तोवर तिला छळू नका.

तुरटी मात्र जवळ ठेवा. ती रक्त थांबवते, कातडी आकसून घेते, आणि या सगळ्या तपासातलं स्वस्तात स्वस्त उपकरण तीच आहे. दाढीनंतर ओली तुरटी सगळीकडून फिरवा. जिथे काही वाटत नाही तिथे काम नीट झालंय. जिथे झणका बसतो तिथे जास्त खरवडलंय. आज कंठमण्याच्या डाव्या बाजूला झोंबली, पुढच्या वेळी तिथला कोन आणि दिशा बदला आणि पुन्हा तुरटीला विचारा. अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका, नाहीतर कातडी कोरडी पडते. सलूनमधली सामाईक तुरटी कुणाकुणाच्या रक्तावरून फिरलेली असते, ती नको म्हणा.

अल्कोहोलचा आफ्टरशेव्ह अंगावर काटा आणतो म्हणून मर्दानी वाटतो, एवढंच. फेणी चोळा असं सांगणारे काकाही भेटतील. ती ग्लासातच बरी. खोबरेल तेल घरोघरी आहे, पण पुटकुळ्या येणाऱ्या गळ्यावर दमट हवेत ते रंध्रं बुजवतं, तेव्हा ते डोक्यालाच ठेवा.

क्रीम खरंच दोषी निघालं तर

फेस लावून नुसता धुतला आणि तरी खाज आली, असं झालं तर बहुधा सुगंधी द्रव्यांवर संशय घ्यावा. दुसऱ्या कंपनीचं तितकंच घमघमणारं क्रीम आणून उपयोग नाही. बिनवासाचं, मेन्थॉल नसलेलं, संवेदनशील त्वचेसाठीचं निवडा. दाढीला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस थोडं लावून, पाच मिनिटांनी धुऊन बघा. केसांचा काळा रंग, नवा फेसवॉश, परफ्युम गळ्यावर मारण्याची सवय, यांचीही चौकशी त्याच वेळी करून घ्या.

आत वाढणाऱ्या केसांनी गळा भरला असेल तर तीन-चार आठवडे रेझर बंदच ठेवावा लागतो. सुईने, चिमट्याने केस उकरू नका, डाग राहतात. ऑफिसात दाढी चालत नसेल तर ट्रिमरने मिलिमीटरभर ठेवून नीटस दिसता येतं. पुढेही गळ्यापुरता ट्रिमर आणि गालाला रेझर अशी वाटणी अनेकांना कायमची मानवते.

गोल, कडेला खवले असलेला, पसरत जाणारा खाजरा चट्टा दिसला तर ती दाढीची आग नव्हे, गजकर्ण असण्याचा संभव आहे, आणि आपल्या हवेत ते झपाट्याने वाढतं. औषधाच्या दुकानात मागून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की दोन दिवस बरं वाटतं आणि मग ते दुप्पट होऊन येतं. पू होत असेल, ताप असेल किंवा चट्टा पसरत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, त्वचारोगाची ओपीडी आहे. तोपर्यंत रेझर, ब्रश आणि पंचा घरात दुसऱ्या कुणाला वापरू देऊ नका.

सलूनमध्ये दाढी करत असाल तर यातलं बरंचसं तुमच्या हातात नाही, पण तीन गोष्टी आहेत. वस्तऱ्यातलं अर्धं ब्लेड तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढून मोडायला लावा; काविळीचे बी आणि सी विषाणू रक्तातून पसरतात, इथे संकोच नको. दुसऱ्या हाताआधी पुन्हा फेस मागा. आणि गालाचं संपवून तो हनुवटी वर करायला सांगेल, “भाऊ, उलटा मारू?” असं विचारेल, तेव्हा “गळ्यावर नको, आडवा मार,” एवढं म्हणायचं. पहिल्यांदा तो थोडा हिरमुसतो, कारण गुळगुळीत गळा ही त्याच्या कामाची शान असते; तिसऱ्या-चौथ्या खेपेला खुर्चीत बसल्या बसल्याच आडवा मारायला घेतो.